घराचं नाक

इदालिना फुर्तादोनं उठल्याबरोबर पहिलं काम केलं ते आपलं अंथरूण लपवण्याचं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक अरुंद लाकडी बाक होता. त्यावरच्या रजईची तिनं घडी घातली, उशी दाबून चपटी केली, दोन्ही बाकाखालच्या खणात कोंबली आणि खण गुडघ्यानं आत लोटला. नेमक्या दुखऱ्या गुडघ्यानं लोटला. कळ पार मस्तकात गेली आणि तिनं मुलाच्या नावानं अझोर या पोर्तुगीज बेटांवरची एक सणसणीत शिवी हासडली. त्या शिवीत मुलाच्या आईचाही उद्धार होत होता, हे तिच्या नंतर लक्षात आलं. पण आज तिला त्याचीही फिकीर नव्हती.

स्वतःच्या घरात, बहात्तराव्या वर्षी, रोज सकाळी चोरासारखं अंथरूण लपवायचं! या विचारानं रोज तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि रोज ती तो कॉफीबरोबर गिळायची.

काचेचं दार सरकलं आणि डेलिओ आत आला. तिचा एकुलता एक मुलगा, आर्किटेक्ट. पुढच्या मोठ्या घरात तो राहायचा, मागच्या या छोट्या घरात ती. मध्ये उरलेला बागेचा तुकडा एवढासा, की चादर वाळत घातली तर बाग संपायची.

“आई, उठलीस? झोप लागली?”

“लागली.”

“आज काही तळायचं नाही हं. अकराला लोक येतील.”

“काल तळलं होतं?”

“नाही. तळलं असतंस तर मला कळलंच असतं.”

ते मात्र खरं होतं. घरात भिंतीभिंतीवर साबणाच्या वडीएवढ्या पांढऱ्या डब्या चिकटवल्या होत्या. त्या हवा हुंगायच्या. तिनं मागे एकदा बांगडे तळले, तर पुढच्या घरात डेलिओचा फोन केकाटला आणि हा पायजम्यावर धावत आला, जणू काही आईनं घराला आग लावली. चुलीवर धूर ओढणारं यंत्र होतं, पण ते वास बाहेर टाकायचं नाही. गाळून परत तिच्याच तोंडावर सोडायचं. बाहेर भोक पाडलं तर घराची ऊब जाते म्हणे.

डेलिओनं खोलीवर नजर फिरवली. फडताळावरची सांतो क्रिस्तोची मूर्ती उचलून कपाटात ठेवली. आईनं स्वतः विणलेला टेबलावरचा रुमाल त्यानं त्या मूर्तीच्या डोक्यावर टाकला. अजमोद्याची कुंडी सिंकखाली गेली.

“देवाला अंधारात टाकलंस?”

“आजच्या दिवस फक्त. लोकांना मोकळी जागा दिसली पाहिजे. आई, तो निळा कार्डिगन घाल ना. आणि या चपला...”

“चपलांचं काय?”

“काही नाही,” तो म्हणाला आणि पडदे सारखे करायला लागला.

हे सगळं सुरू झालं ते जुन्या घराच्या तळघरात. टोरांटोतल्या त्या भागात बेटांवरून आलेल्या प्रत्येकाच्या घरी दोन स्वयंपाकघरं असायची. वरचं चकचकीत, पाहुण्यांना दाखवायला. तिथल्या ओव्हनमध्ये कधी पाव भाजला गेला नाही. खरं राज्य तळघरात. मासे तळायचे तिथे, सॉसेज भरायची तिथे, भांडायचं आणि रडायचंही तिथेच. त्या तळघरातल्या टेबलावर डेलिओनं आईसमोर कागद पसरला होता. मागचं गॅरेज पाडू, गल्लीच्या बाजूला छोटं घर बांधू, तू तिथे राहा, आम्ही पोरांना घेऊन पुढे राहतो. शहरात जागा कुठे उरलीय आई? आहे त्या तुकड्यावरच दोन पिढ्या राहिल्या पाहिजेत. विजेचं बिल नावालाही येणार नाही, हिवाळ्यात मेणबत्तीवर घर उबदार राहील. आणि त्यानं बोट ठेवून दाखवलं होतं: ही खालची खोली तुझी. दार थेट बागेत. एक पायरीसुद्धा नाही.

ते बोट तिला अजून दिसायचं.

तिनं हो म्हटलं. तिच्या पालेभाजीचे वाफे गेले, वालाच्या काठ्या गेल्या, सिल्वेरिओनं लावलेला द्राक्षाचा वेल गेला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, वेल गेला तेव्हा तो दुसऱ्यांदा गेल्यासारखं तिला वाटलं. तरी ती गप्प बसली, कारण मुलगा काहीतरी चांगलं करत होता आणि नातवंडांना जागा हवी होती.

मग नकाशे बदलले. बदलताना तिला कुणी विचारलं नाही आणि कशामुळे बदलले ते सांगितलंही नाही. घर उभं राहिलं तेव्हा खालच्या खोलीत डेलिओचं लांबलचक टेबल आलं, पुठ्ठ्याची छोटी घरं आली, दारावर ‘स्टुडिओ’ अशी अक्षरं आली. आईची खोली वर गेली. वर जायला जिना होता, पण त्याला जिना म्हणणं म्हणजे उपकार. शिडीच ती, फक्त लाकूड महाग. पायऱ्या उंच, वळण असं आवळलेलं की सिल्वेरिओनं स्वतःच्या हातानं बनवलेला ओकचा पलंग तिथून चढलाच नाही. खुंट्या मारून डिंकानं जोडलेला पलंग, सुटा होणारा नव्हता. शेवटी वरच्या मोठ्या खिडकीची काच बसण्याआधी गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी दोर बांधून तो आत चढवला. मग तिथे न उघडणारी तीन पदरी काच बसली, कडेनं हवा अडवणारी निळी पट्टी चिकटली आणि पलंग कायमचा वर राहिला.

पहिल्या महिन्यात ती म्हणाली होती, “डेलिओ, गुडघा दुखतो रे. जिना जमत नाही.”

“जिना औषध आहे आई,” तो फोनमधून मान वर न करता म्हणाला होता. “जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम जिने चढायला लावतात.”

जपानमध्ये काय लावतात ते लावोत. ती त्या दिवसापासून त्या विषयावर बोलली नाही. एकदा सांगितलं, पुन्हा सांगणार नाही, हा फुर्तादो घराण्याचा हट्ट तिला लग्नात मिळाला होता आणि तिनं तो सासूपेक्षा चांगला सांभाळला होता. ती बाकावर झोपायला लागली. आठवड्यातून एकदा, बसत बसत, बुडावर सरकत वर जायची, पलंगावरची चादर झटकायची, उशी फुगवायची आणि तशीच सरकत खाली यायची. जन्मभर तिनं एक स्वयंपाकघर दाखवायला ठेवलं. आता झोपायची खोलीही दाखवायला ठेवली.

अकराला लोक आले. पर्यावरणाला धरून बांधलेली घरं उघडी ठेवायचा दिवस होता तो. दहा-पंधरा माणसं, लिननच्या कपड्यांतली, बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून, देवळात आल्यासारखी हळू बोलत होती. दारापाशी घराला मिळालेल्या प्रमाणपत्राची धातूची पाटी होती. प्रत्येकानं पाटीचा फोटो काढला. इदालिना निळा कार्डिगन घालून बाकाशेजारी उभी होती. तिचा फोटो काढताना मात्र एका मुलीनं विचारलं, “तुम्ही जरा खिडकीकडे बघाल?” ती बघत राहिली. तिला खिडकीच्या काचेत आपलं तोंड दिसलं. ते तोंड कुणाला तरी मारायला निघालेलं होतं.

डेलिओ खुलला होता. त्याचं बोलणं चांगलंच होतं, तेवढं तिला मान्य करावं लागलं.

“या घराला कुठेही फट नाही,” तो सांगत होता. “सगळ्या फटी एकत्र केल्या तर पोस्टकार्डाएवढ्याही भरणार नाहीत. मग आतला माणूस गुदमरत कसा नाही? कारण घराला एक नाक आहे.” त्यानं सगळ्यांना गल्लीत नेऊन भिंतीतली गोल जाळी दाखवली. कमरेएवढ्या उंचीवर होती. “ताजी हवा फक्त इथून आत येते आणि प्रत्येक खोलीत पोहोचते. हे घर या एका नाकानं श्वास घेतं.”

इदालिना दारात उभी राहून त्या जाळीकडे बघत होती. नेमक्या त्याच जागी दर जून महिन्यात सिल्वेरिओची शेगडी लागायची. तेलाचं पिंप उभं कापून त्यानं ती केली होती. सेंट जॉनच्या सणाला अख्खी गल्ली तिथे तारलीचे मासे भाजायची, आणि हाच डेलिओ लहानपणी त्या धुरात डोळे चोळत पहिली तारली मागायचा. जगातलं सगळं शिकून आलेल्या या मुलानं घराचं नाक बापाच्या शेगडीवरच आणून बसवलं होतं. आता कोळसा बंद आई, असं त्यानं सांगितलं होतं, आणि सांगितलं म्हणजे झालं असं त्याला वाटलं होतं. शेगडी समोरच्या सेन्योर एर्मिनिओच्या गॅरेजात पडून होती.

लोक परत आत आले. डेलिओनं भिंतीवरच्या पडद्यावर आलेख लावला.

“ही आईच्या झोपायच्या खोलीतली हवा. माणूस झोपला की त्याच्या श्वासानं खोलीतली हवा जड होत जाते. साध्या घरात पहाटेपर्यंत ही रेघ छताला टेकते. आणि इथे बघा.” त्यानं बोट फिरवलं. रेघ आडवी, सपाट. “रात्रभर डोंगरावरच्यासारखी शुद्ध हवा.”

लोकांनी “वा!” केलं. कुणीतरी टाळीही वाजवली.

निळ्या टोपीतली एक वयस्कर बाई जिन्याकडे बघत होती. तिनं वळून थेट इदालिनालाच विचारलं, “तुम्हाला हा जिना जमतो? आणि वर झोप चांगली लागते?”

इदालिनानं तोंड उघडलं. तिला उत्तर द्यायचं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारलं होतं.

“आईला जिना फार आवडतो,” डेलिओ हसत म्हणाला. “त्यानंच ती ठणठणीत आहे. आणि झोपते तर लहान बाळासारखी.”

इदालिनानं तोंड मिटलं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण चेहऱ्यावर काही आलं नाही. तिनं कार्डिगन काढला, बाकावर ठेवला आणि गल्ली ओलांडून सरळ एर्मिनिओच्या गॅरेजात शिरली.

एर्मिनिओ आणि त्याची बायको फिलोमेना टोपलीभर तारल्यांना मीठ लावत बसली होती. एर्मिनिओनं उभा जन्म या शहरातल्या उंच इमारतींना काचा बसवण्यात घालवला होता, आता टोमॅटोची रोपं बांधायचा.

“शेगडी काढ एर्मिनिओ.”

“आज? अहो दोना इदालिना, तुमच्याकडे तर आज मोठी माणसं आलीत.”

“म्हणूनच.”

“डेलिओ ओरडेल हो,” फिलोमेना म्हणाली.

“ओरडू दे. मलाही आवाज आहे हे तरी त्याला कळेल. कोळसा कुठंय?”

दोघं नवराबायको एकमेकांकडे बघून उठली. पिंपाची शेगडी खडखडत गल्लीतून आली आणि तिच्या जुन्या जागी, भिंतीतल्या गोल जाळीखाली, लागली. एर्मिनिओ म्हणाला जरा पुढे घेऊ या का, इदालिना म्हणाली एक बोटही हलवायची नाही. कोळसा फुलल्यावर तिनं तारल्यांची पहिली रांग शेगडीवर टाकली. तारलीच्या अंगातलं तेल निखाऱ्यावर पडलं की जो धूर होतो तो काही साधासुधा नसतो. निळसर, जाड, खारट, कपड्यांत आठवडाभर राहणारा. तो वर आला, जाळीपाशी क्षणभर थबकला, आणि मग घरानं तो एका दमात आत ओढला.

इदालिना पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली. दर वाऱ्याला ती पुटपुटत होती. हा गुडघ्याचा. हा वेलाचा. हा कपाटातल्या देवाचा. हा जपानचा.

आधी फोन केकाटला. मग छताला लावलेली धुराची घंटा. मग दार सरकलं आणि लिननचे कपडे खोकत गल्लीत बाहेर पडले, पायांत निळ्या पिशव्या तशाच. घरातल्या प्रत्येक खोलीत, कपाटात, पुठ्ठ्याच्या छोट्या घरांतसुद्धा तारली पोहोचली होती. सगळ्यात शेवटी डेलिओ आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा लाल झाला होता.

“आई! तुला वेड लागलंय का? आजच? माझ्या घराचं काय करून ठेवलंस!”

“तुझ्या घराचं?”

“म्हणजे... आई, त्या यंत्रातल्या गाळण्या गेल्या! भिंतींत वास बसला! मी दोन वर्षं या दिवसासाठी राबलो. तुझ्यासाठीच केलं ना मी हे सगळं?”

“माझ्यासाठी?” तिनं चिमटा शेगडीच्या कडेवर आपटला. “माझ्यासाठी केलंस तर मी कुठे झोपते ते सांग.”

“हे काय भलतंच? वर झोपतेस.”

“तुझ्या फोनला विचार. मी काय तळते ते त्याला कळतं. मी कुठे झोपते तेही कळत असेल की. विचार! तुझी आई बाळासारखी कुठे झोपते ते या सगळ्यांसमोर विचार!”

डेलिओनं फोन काढला, बहुधा तिला गप्प करण्यासाठीच. झोपायच्या खोलीची रेघ आडवी, सपाट. आजची, कालची, महिन्याभरापूर्वीची. मग त्यानं स्वयंपाकघराची रेघ काढली. रोज रात्री दिवे मालवल्यावर ती वर चढत होती आणि उजाडेपर्यंत वरच राहत होती. कुणीतरी रात्रभर तिथे श्वास घेत होतं.

तो त्या रेघेकडे बघत राहिला. ती त्यानं आज पहिल्यांदा पाहिली नव्हती.

“मला वाटलं...” त्यानं फोन खाली केला. “मला वाटलं, ती डबी बिघडलीय. मी ती बदलून घेतली.”

“दोनदा,” इदालिना म्हणाली. “दोनदा बदललीस. बाकाच्या वर, माझ्या उशापाशी वाकून बदललीस. खण उघडून बघितला नाहीस.”

निळ्या टोपीतल्या बाईनं टोपी काढून हातात घेतली. फिलोमेनानं एप्रन तोंडाला लावला. एर्मिनिओ पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हणाला, ते देवाला उद्देशून होतं पण प्रार्थना नव्हती.

“आई, सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं होतं. तू म्हणालास जिना औषध आहे.”

त्याला ते आठवलं. आठवताना त्याचा चेहरा कसा झाला ते तिनं बघितलं, आणि तरी तिचा राग उतरला नाही. इतका साठलेला राग असा एका चेहऱ्यावर थोडाच उतरतो. तिनं तारल्या उलटल्या.

“खिडकी काढ,” ती म्हणाली.

“काय?”

“वरची मोठी काच. माझ्या नवऱ्याचा पलंग जिथून आत गेला तिथूनच बाहेर येईल. तो खालच्या खोलीत लागेल. तू बोट ठेवून दाखवली होतीस त्या खोलीत. काढ.”

“आई, ती काच काढली तर पट्टी फाटेल. सगळी चाचणी परत करावी लागेल. आणि ती पाटी...” तो थांबला. पाटीवर त्याचं स्वतःचं नाव होतं. सगळी गल्ली त्याच्याकडे बघत होती. त्याची आई मात्र बघत नव्हती, ती तारल्यांना मीठ लावत होती.

“रबरी वाट्या आहेत माझ्याकडे,” एर्मिनिओ हळूच म्हणाला. “काच धरायच्या. जपून काढू रे बाबा, तडा नाही जाणार. पण पट्टी तुलाच कापावी लागेल. तुझं घर आहे.”

डेलिओ आत गेला. त्या धुरातच जिना चढताना त्याचा खोकला खालपर्यंत ऐकू येत होता. थोड्या वेळानं वरच्या काचेमागे तो दिसला, हातात पुठ्ठा कापायची सुरी. त्यानं चौकटीच्या कोपऱ्यात पातं घातलं आणि निळी पट्टी एका बाजूनं खालपर्यंत चिरत आणली. दोन वर्षं जिच्यासाठी कामगारांवर ओरडला, ती पट्टी.

मग गल्लीतले म्हातारे आले. कुणाच्या कमरेला पट्टा, कुणाचा एक डोळा अधू, पण काचेला हात लावल्यावर सगळे तरणे झाले. काच उतरली. कोंडलेला धूर त्या भगदाडातून गल्लीभर पसरला. दोराला बांधलेला ओकचा पलंग कुरकुरत बाहेर आला. “पायाला जपा!” इदालिना चिमटा उगारून ओरडली. “माझ्या नव्हे, पलंगाच्या!” लिननच्या कपड्यांतल्या दोघांनी पिशव्या फेकून खालून हात दिला. डेलिओचं लांब टेबल स्टुडिओतून गल्लीत आलं आणि फिलोमेनानं त्यावर मक्याचे पाव, तेल आणि उकडलेले बटाटे मांडले. निळ्या टोपीतल्या बाईला पहिली तारली मिळाली. पावावर ठेवून हातानं खायची, हे तिला एर्मिनिओनं शिकवलं.

सगळे खात होते. डेलिओ काजळीनं माखलेले हात घेऊन शेगडीपाशी आला. त्यानं प्लेट पुढे केली, लहानपणी करायचा तशी.

इदालिनानं प्लेटकडे पाहिलं, पण हात हलवला नाही.

“पलंग लागला?”

“लागला.”

“डोकं कुठे केलंस? भिंतीकडे?”

“बागेच्या दाराकडे. तुला उठल्यावर बाहेर दिसेल.”

“आणि चादर?”

त्यानं वरच्या उघड्या चौकटीकडे पाहिलं.

“बाकाखालच्या खणात आहे सगळं,” ती म्हणाली. “तो खण उघड, अंथरूण काढ, घालून ये. मग तारली.”

डेलिओ प्लेट खाली ठेवून आत गेला. तिनं उरलेल्या तारल्या करपू नयेत म्हणून शेगडीच्या कडेला सरकवल्या.